काळी शाई कोणती दिलीत?

गेल्या जुलैत एक ताई दुकानात आल्या आणि काही न बोलता त्यांनी काउंटरवर एक कागद पसरला. मुलीला कॉलेजात उत्पन्नाचा दाखला द्यायचा होता, त्यासाठीचं स्वयंघोषणापत्र. घरच्या प्रिंटरवर छापलेलं. वसई रोड स्टेशनवरून वसईगावातल्या तहसील कचेरीत जाताना पावसाची झोड आली, पिशवीत पाणी शिरलं आणि अर्ध्या पानावरची अक्षरं निळी-जांभळी होऊन खाली ओघळली. बॉलपेनची सही तेवढी जशीच्या तशी.

कार्ट्रिज त्यांनी घरीच भरली होती. शाईची बाटली मात्र माझ्या काउंटरवरून गेलेली. "काळी द्या," म्हणाल्या, मी काळी दिली. प्रिंटर कोणता, कार्ट्रिजचा नंबर काय, एका शब्दाने विचारलं नाही. ही चूक माझी होती आणि ती मी त्यांच्यासमोर कबूल केली. नवी बाटली दिली, अर्ज पुन्हा छापून दिला. पण त्यांचा कचेरीतला दिवस गेला तो गेलाच.

आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाला डाय आणि पिगमेंट हे शब्द ठाऊक आहेत. तरी संध्याकाळी गर्दीत बाटली उचलताना आपण फक्त रंग पाहतो. डाय शाईत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो. तो कागदाच्या तंतूंत मुरतो आणि पुन्हा पाणी लागलं की सुटतो. पिगमेंटमध्ये रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडून गेलं की कण कागदावर बसतात आणि सहसा हलत नाहीत. एचपी ६८० ची काळी मूळची पिगमेंट. कॅननच्या पीजी-७४५ आणि पीजी-४७ मध्ये तर 'पीजी' ही अक्षरंच पिगमेंटची खूण आहेत. याच कंपन्यांच्या रंगीत कार्ट्रिजमध्ये डाय असते. उलट एप्सन एल ३११० सारख्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळीसकट चारही शाया डायच्या. तिथे चुकून पिगमेंट ओतली तर हेड जाम होण्याचा धोका. म्हणजे एकच 'काळी' एका घरात बरोबर आणि शेजारच्या घरात चूक. ती कोणती, हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं. ते सांगणं आपलं काम आहे.

घरी भरणाऱ्याला आपल्यातले काही जण अजून शत्रू समजतात. 'सगळं बिघडवून शेवटी आपल्याकडेच येतो' असं म्हणून त्याला वाटेला लावतात. मला हे मुळीच पटत नाही. नालासोपारा-विरारमधलं कुटुंब सिरिंज हातात घेतं ते हौस म्हणून नव्हे. नव्या कार्ट्रिजच्या एका जोडीत एवढे पैसे जातात की चार-दोन वेळा घेतली तर त्यात प्रिंटरच येतो. मुलांचे प्रोजेक्ट, झेरॉक्स, कचेरीचे अर्ज हे सगळं त्या एका यंत्रावर चालतं. त्या माणसाला बाटलीसोबत पाच मिनिटं द्या. पुढची दहा वर्षं तो दुसऱ्या दुकानाची पायरी चढणार नाही.

त्या पाच मिनिटांत पहिली गोष्ट हेड साफ करायच्या पाण्याची सांगा. किनाऱ्याकडच्या आपल्या भागात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी मचूळ लागतं. त्यातले क्षार हेडच्या छिद्रांत बसतात आणि तांब्याच्या पट्ट्यांना गंज चढवतात. ती छिद्रं केसाहून बारीक असतात. कित्येकांनी हेड बोअरच्या पाण्यात भिजवून ठेवलेलं मी पाहिलंय आणि त्यातल्या बऱ्याच कार्ट्रिजा पुन्हा उठल्या नाहीत. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही गॅरेजशेजारी मिळतं, तेच कोमट करून वापरायचं. टिश्यू चौघडी करून त्यावर थोडं ओतायचं आणि कार्ट्रिज हेड खाली करून दोन-तीन मिनिटं अलगद टेकवायची. घासायचं नाही. रंगीत असेल तर टिश्यूवर तीन वेगळे पट्टे उमटले पाहिजेत. एक पट्टा आला नाही तर तो रंग संपलाय किंवा बंद पडलाय, ते तिथेच कळतं. तांब्याच्या पट्ट्या मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने वेगळ्या पुसायच्या.

भरताना सुई बोथट हवी आणि हात सावकाश. आतल्या स्पंजाला शाई प्यायला वेळ लागतो. घाई केली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि पान अर्ध्यावर पांढरं पडतं. भोकाशी शाई दिसली की थांबायचं, आणखी दाबली तर शेजारच्या रंगात मिसळते.

आणि सर्वांत मोठा घोळ सेलोटेपचा. शाई सांडू नये म्हणून लोक वरची सगळी भोकं घट्ट चिकटवून टाकतात. पहिलं पान सुरेख येतं, तिसरं फिकट होतं, पाचवं कोरं. मग 'हेड गेलं' म्हणून कार्ट्रिज कचऱ्यात. हेडला काही झालेलं नसतं. शाई खाली उतरायची तर तिच्या जागी वरून हवा आत जायला हवी, आणि मूळ लेबलखाली त्यासाठी बारीक वाटा ठेवलेल्या असतात. टेप काढून सुईने एक टोचा मारला की पाच मिनिटांत छपाई सुरू होते. गेल्या महिन्यात अशा चार कार्ट्रिजा माझ्याकडे 'मेलेल्या' म्हणून आल्या आणि जिवंत होऊन परत गेल्या. त्यातली एक आणणाऱ्या आजोबांनी तिथेच उभं राहून नातवाला फोन लावला.

शाई पूर्ण संपेपर्यंत वाट पाहू नका, हेही सांगा. कॅनन आणि एचपीच्या या कार्ट्रिजांत प्रत्येक छिद्रामागे एक सूक्ष्म तापणारा भाग असतो. तो क्षणात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब कागदावर उडतो. शाईच त्याला थंडही ठेवते. कोरड्या हेडवर छपाई रेटली की तो भाग जळतो आणि मग कुठलीही सफाई उपयोगाची नाही. या युक्तीची एक गोष्ट मला फार आवडते. १९७७ साली कॅननच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाची तापलेली सोल्डरिंग आयर्न शाईच्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि शाई टोकातून उसळली. त्यातून बबलजेट जन्माला आलं. आज नायगाव ते विरारपर्यंत आपण तीच सिरिंज हातात धरून बसलोय, म्हणून ती नीट धरू या.

वापरलेल्या सुया टोपण लावून जाड डब्यात साठवा. उघडी सुई ओल्या कचऱ्यात गेली तर सफाई कामगाराच्या हातात घुसते. मेलेली कार्ट्रिज गटारात किंवा खाडीत जाऊ देऊ नका. ई-कचऱ्याच्या नियमांच्या यादीत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचंही नाव आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांतही ते कायम आहे. दुकानात एक खोकं ठेवा, गिऱ्हाईक जुन्या कार्ट्रिजा आणून टाकेल, अधिकृत संकलकाला एकदम देता येतील.

माझ्या दुकानात आता एक साधी सवय लागली आहे. बाटली कपाटातून काढण्याआधी कार्ट्रिजचा फोटो मोबाइलवर दाखवायला सांगतो. बाटलीवर मार्करने तीन गोष्टी लिहितो: कार्ट्रिज नंबर, डाय की पिगमेंट, तारीख. मी स्वतः भरलेल्या कार्ट्रिजवर कितवी भरणी तेही लिहितो, म्हणजे पाचव्या-सहाव्या वेळी प्रिंट फिकी आली तर भांडण होत नाही. हे करायला मिनिटही लागत नाही.

या अंकाच्या मधल्या पानांवर अशी लेबलं छापली आहेत, डायसाठी निळी आणि पिगमेंटसाठी काळी. कापा, आपल्या दुकानाचा शिक्का मारा आणि वापरायला घ्या. त्या ताईंच्या घरच्या बाटलीवर पहिलं काळं लेबल लागलं आहे.