वकिलाची फौज

लातूरच्या कोर्टात वकिली करणारा, अलीगढला शिकलेला कासिम रझवी 1946 साली मजलिस-इत्तेहादुल-मुसलमीनचा अध्यक्ष झाला. पुढच्याच वर्षी, 27 ऑक्टोबरच्या पहाटे, त्याच्या जमावाने हैदराबादेत निजामाच्या पंतप्रधानाचे, छतारीच्या नवाबाचे, घर वेढले. भारताशी 'जैसे थे' करार करायला निघालेले शिष्टमंडळ अडले, नवाब राजीनामा देऊन मोकळे झाले आणि मीर लायक अली त्या खुर्चीवर बसले. सरकार कोण चालवतो, हे त्या दिवशी रयतेला कळले.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय 'खासगी फौजा' असा ठरला, तेव्हा संपादक मंडळासमोर पहिले नाव आले ते कोलंबियाच्या डॉन बेर्नाचे. मेदेयीनच्या अमली पदार्थांच्या धंद्यात वाढलेला हा माणूस निमलष्करी सेनेचा म्होरक्या झाला आणि 2008 मध्ये अमेरिकेच्या ताब्यात गेला. त्याच्यामागे कोकेनचा पैसा होता. रझवीला असल्या धंद्याची गरज पडली नाही. दरबाराचा काणाडोळा पुरला.

मग दूर कशाला जायचे? मे 1948 मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावात रझवीच्या खासगी फौजेने, म्हणजे रझाकारांनी, कत्तल केली. ऑगस्टमध्ये 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान मारले गेले. ते मुसलमान होते आणि हैदराबादच्या भारतातल्या विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होते. लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याची रझवीची भाषा मात्र 13 सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्यावर चार-पाच दिवसांत विरली. बीबीनगर दरोड्याच्या खटल्यात शिक्षा, येरवड्याचा तुरुंग, 1957 मध्ये सुटका, पाकिस्तान. 1970 मध्ये कराचीत मृत्यू.

रझाकारीच्या गोष्टी सीमाभागात अनेकदा इथेच थांबतात. तिथे थांबणे सोयीचे आहे, प्रामाणिक नाही. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने भारतीय फौजांच्या त्या कारवाईच्या, म्हणजे पोलीस ॲक्शनच्या, काळात आणि नंतर झालेल्या हत्यांचा अंदाज 27 ते 40 हजार असा दिला. सर्वाधिक झळ पोचलेले चार जिल्हे होते उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. मरणारे बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांतल्या कितीजणांचा रझवीशी काडीचा संबंध नव्हता! तो अहवाल कित्येक दशके सरकारी कपाटात राहिला.

या अंकात गोरट्यावरचा लेख आणि सुंदरलाल अहवालावरचा लेख लागोपाठ छापले आहेत. दोन्ही बाजूंनी रागाची पत्रे येतील. नाव-गाव लिहिलेले प्रत्येक पत्र पुढच्या अंकात घेऊ.