कौल आणि प्रश्न

लोकसभेच्या २०२४ सालच्या निवडणुकीत महाराष्ट्राने आपल्या ४८ जागांपैकी ३० जागा महाविकास आघाडीच्या, १७ महायुतीच्या आणि सांगलीची एक जागा अपक्ष उमेदवाराच्या पदरात टाकली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, विधानसभेच्या २८८ जागांपैकी भारतीय जनता पक्षाला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ व अजित पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसला ४१ जागा मिळाल्या. जूनमध्ये एका बाजूने 'जनतेचा कौल' म्हणून ज्याचा जयघोष केला, तोच शब्द नोव्हेंबरात दुसऱ्या बाजूने उचलला. एवढ्या अल्पावधीत महाराष्ट्राची बुद्धी पालटली, असे समजणे म्हणजे मतदाराला पोरकट ठरविण्यासारखे आहे. आमच्या मते पालटला तो मतदार नव्हे. जागांच्या आकड्यांतून त्याचे मन वाचू पाहणाऱ्यांची गफलत होत आहे.

या आकड्यांचाच थोडा शांतपणे विचार करावा. २०१९ साली भाजपला राज्यात सुमारे २८ टक्के मते व २३ जागा मिळाल्या होत्या. २०२४ साली मते २६ टक्क्यांच्या थोडी वर राहिली. जागा मात्र ९ वर आल्या. मतांतली घट दोन टक्क्यांहूनही कमी, आणि गमावलेल्या जागा चौदा! काँग्रेसने १७ टक्क्यांच्या आतबाहेर मते घेऊन १३ जागा जिंकल्या. मुंबई वायव्य मतदारसंघाचा निकाल तर अवघ्या ४८ मतांनी लागला. कोण कोणाशी हातमिळवणी करतो, कोण किती जागा लढवितो आणि कोणाची मते कोठे एकवटलेली आहेत, यावर जागांचा हिशेब ठरतो. म्हणून विजेत्याने फार फुगू नये आणि पराभूताने फार खचू नये, हा या दोन्ही निकालांचा पहिला धडा होय.

दुसरा धडा आम्हा रत्नागिरीकरांसाठी अधिक मोलाचा आहे. राज्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहून शीड फिरविण्याची या किनाऱ्याची रीत पूर्वी नव्हती. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रत्नागिरीने जनसंघाचे प्रेमजीभाई आशर यांना व राजापूरने प्रजासमाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै यांना लोकसभेत पाठविले. त्या वेळी राज्यात तसा वारा होता, असे कोणी म्हणेल. परंतु १९६२ साली काँग्रेसने महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या, तेव्हाही राजापूरने नाथ पैंनाच निवडले. १९७१ च्या लाटेत काँग्रेसला ४५ पैकी ४२ जागा मिळाल्या, राजापूरने प्रा. मधु दंडवते यांना निवडून दिले. १९८४ साली ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसकडे गेल्या; राजापूर पुन्हा दंडवत्यांच्याच पाठीशी राहिले. हा मतदार पक्षाचे नाव वाचत नव्हता असे नव्हे; पण त्या नावापलीकडे माणूस आणि त्याचे काम यांची पारख तो करीत असे. या पारखीचे फळही त्याला मिळाले. ज्या कोकण रेल्वेचा आग्रह या प्रतिनिधींनी वर्षानुवर्षे धरला, ती १९९८ च्या प्रजासत्ताक दिनी संपूर्ण मार्गावरून धावू लागली. संसदेत एका जागेचे वजन तिच्यावर बसलेल्या माणसावर अवलंबून असते, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नसेल.

आज ते राजापूर लोकसभेच्या नकाशावर नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत रत्नागिरी आणि राजापूर या दोन जागांच्या ठिकाणी रत्नागिरी-सिंधुदुर्ग ही एकच जागा उरली. जिल्ह्याच्या विधानसभेच्या सात जागांपैकी खेड आणि संगमेश्वर गेल्या व पाच राहिल्या. त्या पाचांपैकी दापोली व गुहागर रायगडला जोडल्या. चिपळूण, रत्नागिरी व राजापूर सिंधुदुर्गाच्या तीन जागांबरोबर बसविल्या. परिणामी, ज्याला निर्विवादपणे रत्नागिरी जिल्ह्याचा म्हणता येईल असा एकही खासदार उरला नाही. २०२४ चा निकाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नारायण राणे यांनी विनायक राऊत यांचा ४७,८५८ मतांनी पराभव केला. परंतु आमच्या जिल्ह्यातल्या तिन्ही विभागांत राऊत पुढे होते आणि राणे यांचा विजय सिंधुदुर्गाच्या मताधिक्यावर उभा राहिला. यात राणे यांचे काही न्यून नाही; बहुमत ते बहुमत. उलट घडले असते, तर हीच खंत सावंतवाडीकरांना वाटली असती. तिकडे रायगडात सुनील तटकरे यांनी अनंत गीते यांना ८२,७८४ मतांनी हरविले. तेथे सहांपैकी दोन विभाग आमचे. त्यामुळे दापोली-गुहागरच्या मताने त्या निकालाचे पारडे फिरविणे अवघडच.

हे असे का झाले? उत्तर जनगणनेच्या पानांत आहे. २००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर आली. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र १६ टक्क्यांनी वाढली. जिल्ह्यात हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया आहेत, ही काही स्त्रीजन्माच्या स्वागताची खूण नव्हे. कर्ता पुरुष पोटामागे मुंबईस गेल्याची ती खूण आहे. ज्या पुनर्रचनेत कोकणच्या दोन जागांची एक झाली, तिच्यातच ठाणे जिल्ह्यात डहाणू व ठाणे या दोहोंच्या जागी पालघर, भिवंडी, कल्याण व ठाणे अशा चार झाल्या. आमचा चाकरमानी डोंबिवलीत आणि विरारमध्ये मोजला गेला. गणपतीला व शिमग्याला तो गावी येतो, घराची कौले शाकारतो, पालखीला खांदा देतो. पण त्याचे मत व त्याच्या माथी येणारी जागा तिकडेच राहते.

माणसे कमी तर जागा कमी, हा न्याय आम्ही नाकारीत नाही. एका नागरिकाच्या मताला दुसऱ्याच्या मताइतकेच मोल असावे, हा लोकशाहीचा पाया आहे आणि कोकणासाठी त्याला अपवाद करा, असे मागणे आम्हाला शोभणार नाही. परंतु जागा कमी होणे वेगळे आणि एका जिल्ह्याची दोन शकले करून ती दोन शेजाऱ्यांच्या पदरी बांधणे वेगळे. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतील जागांची वाटणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविली होती. त्या जनगणनेवर आधारलेली पुनर्रचना होईल, तेव्हा हा प्रश्न पुन्हा उभा राहणार. २००२ च्या कायद्याखाली नेमलेल्या आयोगाने आपले प्रस्ताव प्रसिद्ध करून हरकती मागविल्या आणि जाहीर बैठका घेतल्या. निवडक खासदार व आमदार त्याचे सहयोगी सदस्य होते, परंतु त्यांना मताधिकार नव्हता. आयोगाचा अंतिम आदेश एकदा निघाला की न्यायालयाचे दारही जवळजवळ बंद होते. तेव्हा बोलावयाचे ते आधी, आणि बोलावयाचे ते नागरिकांनी. नगरपरिषदा, ग्रामपंचायती, वकील मंडळी, व्यापारी व शिक्षक यांनी नकाशे आणि आकडे हाती घेऊन आजपासूनच तयारीस लागले पाहिजे. 'जिल्हा एकसंध ठेवा' या मागणीला कोणत्याही पक्षाचा रंग नाही.

परंतु नकाशा सुधारला म्हणून सारे सुधारेल, अशा भ्रमात राहू नये. आमच्याकडे ग्रामदेवतेला कौल लावतात. पाषाणावर कळे चिकटवितात. उजवा पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरे. जाणते गावकरी मात्र हे जाणतात, की कौलाला अर्थ येतो तो विचारलेल्या प्रश्नामुळे. प्रश्नच मोघम असेल तर कळा कोणत्याही बाजूला पडो, गाव होते तेथेच राहते. २०२४ च्या निवडणुकीत आम्हाला प्रश्न कोणता विचारला गेला? खरी शिवसेना कोणाची, गद्दार कोण, निष्ठावंत कोण! मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली हात घातला. २०१४, २०१९ आणि २०२४ अशा तीन निवडणुका होऊन गेल्या, तरी तिसऱ्या मतदानाच्या दिवशीही तो रस्ता पुरा झालेला नव्हता. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची भूसंपादनाची अधिसूचना २०१९ च्या निवडणुकीपूर्वी भाजप-शिवसेना युतीच्या समेटापायी रद्द झाली. बारसूची जागा २०२२ साली ज्यांच्या सरकारने पत्राने सुचविली, तेच २०२३ साली तेथील विरोधाचे नेते झाले. प्रकल्प हवा की नको, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. पण निवडणुकीच्या सोयीने भूमिका पालटणाऱ्यांत दोन्ही बाजूंचे लोक आहेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

ज्या मतदाराची संख्या घटत चालली आहे, त्याला मोघम प्रश्नांना कौल देण्याची चैन परवडणारी नाही. जो थोडा असतो त्याने नेमके बोलावे लागते. मागे राहिलेल्या स्त्रियांनी व वृद्धांनीच हा जिल्हा आज सांभाळला आहे. डॉक्टर असलेले रुग्णालय, शाळेत शिक्षक, मासळीला भाव, आंब्याच्या नुकसानीची वेळेवर भरपाई, आणि मुलाला परत बोलावता येईल असे काम, हे त्यांचे प्रश्न आहेत. मते मागण्यास येणाऱ्या प्रत्येकापुढे ते लेखी ठेवावेत आणि उत्तरही लेखी घ्यावे. पाच वर्षांनी तो कागद पुन्हा उघडावा. नाथ पै आणि दंडवते यांना निवडणाऱ्या मतदाराची मुले-नातवंडे एवढे करणार नसतील, तर नकाशावरून राजापूर पुसले गेल्याचा दोष केवळ आयोगाच्या माथी मारता येणार नाही.