पणजीचे नाव

बँकेत असताना वर्षानुवर्षे व्यवहार न झालेल्या खात्यांची यादी माझ्याकडे असे. असे खाते पुन्हा सुरू करायला कोणी आले, की आमचा पहिला प्रश्न ठरलेला : तुम्ही त्यांचे कोण? गेल्या जूनमध्ये अमेरिकेत, मिनेसोटाच्या रानात, हा प्रश्न मला पुन्हा भेटला.

मुलीचे शेजारी सुतारकाम करतात आणि स्वतःला 'हीदन' म्हणवतात. म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वी उत्तर युरोपात ज्यांची पूजा होई, त्या ओडिन, थॉर, फ्रेया यांना मानणारे. आपण ज्याला थर्सडे म्हणतो, तो थॉरचाच वार. आईसलँडने इ. स. १००० च्या सुमारास थिंगवेल्लिरच्या सभेत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे हे देव उरले ते मुख्यतः पोथ्यांत, आणि त्याही तेराव्या शतकात ख्रिस्ती लोकांनीच लिहिलेल्या. १९७२ साली स्वेनब्योर्न बेइन्तेइन्सोन या शेतकरी कवीने सोबत्यांसह तिथे संस्था काढली. १९७३ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. साडेनऊशेहून अधिक वर्षे पडून राहिलेले खाते! अमेरिकेतही त्याच सुमारास असे गट उभे राहू लागले.

त्यांनी दोन दिवसांच्या मेळाव्याचे आमंत्रण दिले, तेव्हा मी जरा बिचकलो. याच परंपरेची चिन्हे नाझींनी उचलली होती, आणि आजही काही गट गोऱ्या रक्ताशिवाय कोणाला जवळ करीत नाहीत. मी सरळ विचारले, ''मी आलेला चालेल?'' ते म्हणाले, ''ज्यांना चालणार नाही, त्यांच्याकडे आम्हीही जात नाही.''

तंबू, डास, ओली लाकडे, पळापळी करणारी मुले. प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आला होता; मुलीने बेसनाचे लाडू दिले होते. दुपारी 'ब्लोट' झाला. पशुबळी नाही. मधाचे मद्य एका वाडग्यात घेऊन हिरव्या डहाळीने सर्वांवर शिंपडले, उरलेले झाडाच्या बुंध्याशी ओतले. मला आमच्या गुरुजींची आंब्याची डहाळी आठवली. फरक एवढाच, की इथले गुरुजी कागदावरून वाचत होते आणि मध्येच ओळ चुकून हसत होते.

रात्री शेकोटीभोवती 'सुंबल'. पेयाने भरलेले शिंग हातोहात फिरते. मी पीत नाही म्हटल्यावर ते नुसते कपाळाला लावायची मुभा मिळाली. पहिली फेरी देवांची, दुसरी पूर्वजांची, तिसरी प्रतिज्ञेची. दुसऱ्या फेरीत एक धिप्पाड माणूस शिंग धरून म्हणाला, ''बाबा, तुम्ही दारूत सगळे घालवलेत. पण पोहायला तुम्हीच शिकवलेत.'' आणि त्याने वडिलांचे नाव घेतले. सगळे 'हेल!' म्हणाले. म्हणजे जयजयकारच.

शिंग माझ्याकडे आले. पितृपक्षात तर्पण करणारा मी. पणजीच्या नावाशी दरवर्षी अडखळतो आणि गुरुजी 'असू द्या' म्हणून पुढे जातात. तिने नथ गहाण टाकून आजोबांना कोल्हापूरला शिकायला पाठवले. नथीची गोष्ट घरात सर्वांना पाठ आहे. नाव कोणालाच नाही. मी तेवढेच सांगितले. अनोळखी तीस माणसांनी त्या निनावी बाईचा जयजयकार केला.

त्यांच्याकडे पाठ मंत्र नाहीत, म्हणून त्यांना स्वतःचे शब्द शोधावे लागतात. आपल्याकडे मंत्र आहेत, म्हणून शब्द गुरुजींवर सोपवून आपण मोकळे होतो. आणि रक्ताचा अभिमान मिरवायला पूर्वजांची नावे माहीत असावी लागत नाहीत. ऋण मानायला लागतात.

तिसऱ्या फेरीत मी नाव शोधायची प्रतिज्ञा केली. तिथे प्रतिज्ञा हलक्याने घेत नाहीत. मोडली तर ऐकणाऱ्या सर्वांच्या नशिबाला डाग लागतो, असे मानतात. ''कधीपर्यंत?'' यजमानांनी विचारले. ''भाद्रपदापर्यंत,'' मी म्हणालो आणि भाद्रपद म्हणजे काय ते समजावले.

परतल्यावर नव्वदीतल्या आत्याला फोन लावला. तिला ऐकू कमी येते. प्रश्न तीनदा विचारावा लागला. मग ती म्हणाली, ''अरे, कुठले हवे? माहेरचे की सासरचे?''

दोन्ही लिहून घेतली. भाद्रपदात गुरुजी थांबले, तेव्हा मी दोन्ही सांगितली.