सूडाचे आरमार

सूडाला आपल्या गोष्टींत जेवढा फुकटचा मोठेपणा मिळतो, तेवढा दुसऱ्या कशालाच मिळत नसेल. हल्ली घरोघर मुले ज्या गोष्टी पाहतात त्यांत दोन सेनापती असतात, दोघांपाशी अवकाशयानांची आरमारे असतात, आणि एकाने दुसऱ्याच्या भावाला केव्हातरी मारलेले असते. एवढ्या भांडवलावर दोन-तीन तास ग्रह जळत राहतात. मुले टाळ्या पिटतात, आणि वडीलधारी मंडळी चकलीचा तुकडा मोडत म्हणतात, "बघ, कसा सूड उगवला!" माझी तक्रार मुलांबद्दल नाही. ती या वडीलधाऱ्यांबद्दल आहे, आणि असल्या गोष्टी रचून दिवाळीत विकणाऱ्या माझ्या लेखकबंधूंबद्दल आहे.

परदेशी लेखकांना नावे ठेवून आपण सुटणार नाही. १९८२ सालचा 'द रॉथ ऑफ खान' हा अमेरिकन चित्रपट या जातीतला नामांकित. त्यातल्या खानाला निर्जन ग्रहावरून सुटका मिळते, जहाज मिळते. त्याचा साथीदार म्हणतो, आता आपण मोकळे आहोत, शत्रूचा नाद सोडू. खान ऐकत नाही. आणि जहाज, साथीदार, तो स्वतः, सगळेच जळून जाते. म्हणजे त्या पडद्यावरच्या गोष्टीत निदान हिशेब तरी खरा मांडला आहे. आमचे लोक तेवढाही मांडत नाहीत. आमच्या गोष्टीत सेनापती शेवटी दाढीवरून हात फिरवीत उभा असतो आणि बुडालेल्या जहाजांचा आकडा कुणी विचारीत नाही.

आणि हे लिहायला आम्हाला आकाशात कशाला जावे लागते? आमच्या विठ्ठलवाडीहून गाडीत बसले की पुढचेच स्टेशन कल्याण. १६५७ च्या ऑक्टोबरात कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली आणि या खाडीच्या काठी मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधायला घेतली गेली. त्यासाठी पोर्तुगीज कारागीर ठेवले होते. ते आपल्या सरकारच्या इशाऱ्यावरून काम टाकून निघून गेले. तरी आरमार उभे राहिले. ते किनाऱ्यावरच्या सुतार-लोहारांच्या आणि कोळी-भंडाऱ्यांच्या हातांनी उभे राहिले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी ते असे वाढवले, की इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही कोकणच्या किनाऱ्यावरून जाताना जीव मुठीत धरावा लागे.

कान्होजी १७२९ साली वारले, आणि मग सुरू झाली ती भाऊबंदकी. थोरला सेखोजी १७३३ मध्ये गेला. संभाजी आणि मानाजी हे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले. बाजीरावांनी १७३५ साली घर वाटून दिले: मानाजीला कुलाबा, संभाजीला दक्षिणेकडचे किल्ले आणि सरखेली. वाटणीने डूख थोडाच जातो? १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून आला. मानाजीने पेशव्यांना हाक मारलीच, आणि मुंबईकर इंग्रजांनाही मारली. बापाने ज्यांना जन्मभर किनाऱ्यापासून हटवले, त्यांना मुलाने भावाविरुद्ध घरात बोलावले. इंग्रज आले, संभाजी मागे हटला, आणि मराठ्यांच्या घरचे दार कोणत्या बाजूने उघडते हे त्यांना कायमचे कळले.

संभाजीमागून सरखेल झाला तुळाजी. माणूस शूर, पण तापट आणि कुणाला न जुमानणारा. शाहू महाराजांनंतर पुण्याचा हुकूम मानायला तो तयार नव्हता. नानासाहेब पेशव्यांनी त्याचे पारिपत्य करायचे ठरवले आणि मार्च १७५५ मध्ये इंग्रजांशी करार केला. एप्रिलच्या आरंभी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले. जमिनीवर पेशव्यांची फौज होतीच. तुळाजी बोलणी करायला मराठी छावणीत गेला तो पुन्हा किल्ल्यावर आला नाही. १२ फेब्रुवारीला इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. तुळाजीने इंग्रजांकडूनच जिंकलेले 'रेस्टोरेशन' हे जहाज बंदरात होते. त्यावर गोळा पडून आग लागली, आणि शेजारी नांगरलेल्या गुराबा नि गलबते एकामागून एक पेटत गेली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. तोफा इंग्रजांच्या, पण त्यांना आवतण पुण्याचे होते.

लूट कशी वाटायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबई सोडण्यापूर्वीच आपसांत ठरवून टाकले होते. त्या वाटणीत पेशव्यांचे नाव नव्हते. किल्लाही त्यांनी लगेच दिला नाही. ऑक्टोबरात नवा तह झाला, बाणकोट इंग्रजांकडे राहिले, तेव्हा विजयदुर्ग मिळाला. तो मिळाला खरा, पण जे आरमार त्याने पोटाशी धरायचे ते राख झालेले. तोच क्लाइव्ह आणि तोच वॉटसन तिथून पुढे बंगालला गेले. १७५७ मध्ये तिकडे काय झाले ते शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे.

इथे आमचे इतिहासप्रेमी दोन तट करून बाह्या सरसावतात. कुणी म्हणतो नानासाहेबांनी घात केला, कुणी म्हणतो तुळाजी बंडखोरच होता. दोघेही वाद असा घालतात की जणू उट्टे काढायचे अजून बाकीच आहे! तुळाजीला आवरणे हे राजकारण होते, असे कुणी म्हटले तर मी भांडणार नाही. पण राजकारणाला बेरीज-वजाबाकी येते. परक्याच्या तोफांनी आपलेच आरमार जाळून वर लुटीतला वाटाही न मिळणे, ही कुठल्या राजकारणातली बेरीज? ती मनात राग धरून बसलेल्या माणसाची बेरीज आहे. आणि तुळाजीचा ताठाही त्याच मापाचा.

धुळपांचे नाव घेऊन मला गप्प करू पाहणारे भेटतात. बरोबर आहे, पेशव्यांनी विजयदुर्गी पुन्हा आरमार उभारले, आणि आनंदराव धुळपांनी १७८३ साली इंग्रजांचे 'रेंजर' पकडले. म्हणजे मागल्या जळिताला सत्तावीस वर्षे झाली होती. एक दुपारचा सूड भरून काढायला किती पावसाळे लाकूड सुकवावे लागते, किती तांडेल नव्याने तयार करावे लागतात, हे धुळपांच्या पराक्रमातच लिहिलेले आहे, वाचणाऱ्याने वाचावे.

जहाज सेनापतीचे नसते, हे आमच्या गोष्टीवाल्यांना कुणीतरी सांगायला हवे. विजयदुर्गच्या बंदरात जळाले ते ना तुळाजीचे होते ना नानासाहेबांचे. ते कल्याणच्या खाडीपासून शंभर वर्षे बांधत आणलेले होते. १७६१ साली पानिपतानंतर नानासाहेब खचून वारले. तुळाजी तेव्हाही पेशव्यांच्या कैदेतच होता. तो पुढेही सुटला नाही.