खोडदची शांतता आणि जुन्नरकरांची रेल्वे

परवा उम्म अल हस्सममध्ये एका स्नेह्यांच्या घरी जेवणानंतर वाद चांगलाच रंगला. हे गृहस्थ मूळचे जुन्नर तालुक्यातले. पुणे-नाशिक नव्या रेल्वेची मूळ आखणी नारायणगावाजवळून जात होती. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला, म्हणजे ‘जीएमआरटी’ला, अडथळा होईल म्हणून रेल्वेने ती बदलायचे ठरविले. “आकाशातली खरखर ऐकायला आमची गाडी घालवली,” असे ते तावातावाने म्हणाले. त्यांचा राग मला कळतो. पण ही ‘खरखर’ म्हणजे काय, हे वाचकांपुढे मांडावे असे तेव्हापासून मनात आहे.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, शॉर्टवेव्हवर मुंबईच्या बातम्या शोधताना दोन स्टेशनांच्या मध्ये एक सततचा सूंऽऽ आवाज येई. त्यात यंत्राचा, विजेचा, शेजाऱ्याच्या पंख्याचा वाटा असेच. पण वरच्या पट्ट्यांवर थोडा वाटा आकाशगंगेचाही असे. अमेरिकेतील कार्ल जान्स्की यांनी हे १९३२-३३ च्या सुमारास ओळखले. ते टेलिफोन कंपनीसाठी विजेच्या गडगडाटाचा त्रास मोजत होते आणि सापडली आकाशगंगा! ग्रोट रेबर या इंजिनियरने मग स्वतःच्या घराच्या अंगणात तबकडी उभारून १९४० च्या दशकात पहिले नकाशे काढले.

हा उजेड एकेका ताऱ्याचा नव्हे. ताऱ्यांच्या स्फोटांतून सुटलेले अतिवेगवान इलेक्ट्रॉन आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात, आणि त्यातून रेडिओलहरी निघतात. दुधात साखर विरघळावी तसा हा उजेड सगळ्या आकाशभर पसरलेला आहे. त्याचा आजही वापरात असलेला नकाशा १९८२ साली हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, ४०८ मेगाहर्ट्झचा. इंग्लंडातील जॉड्रेल बँक, जर्मनीतील एफेल्सबर्ग आणि ऑस्ट्रेलियातील पार्क्स, अशा तीन ठिकाणच्या मोठ्या तबकड्यांनी वर्षानुवर्षे आकाश विंचरले, तेव्हा तो जुळला. आपल्या देशातही गौरीबिदनूर येथून ३४.५ मेगाहर्ट्झवर आकाश मोजले गेले. मॉरिशस बेटावर, जिथे आपल्यासारखीच मराठी कुळे नांदत आहेत, बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या विद्यापीठाबरोबर १५१.५ मेगाहर्ट्झची दुर्बीण उभारून दक्षिणेकडचे आकाश टिपले.

खोडदची गोष्ट थोडी वेगळी. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून तिथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या राहिल्या. चौदा मध्यभागी दाटीवाटीने, बाकीच्या सोळा तीन दिशांना, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. या तबकड्या एकमेकींशी तुलना करून पाहतात. त्यामुळे बारीक वस्तू त्यांना स्वच्छ दिसते, पण सगळीकडे सारखा पसरलेला उजेड तुलनेतून निसटतो. तरीही त्याच्या लहान चढउतारांचे मोजमाप खोडदच्या १५० मेगाहर्ट्झच्या निरीक्षणांतून झालेले आहे. ते कशासाठी? तर विश्वाच्या बालपणीच्या हायड्रोजनची अतिशय क्षीण लहर शोधायची आहे, आणि आपल्या आकाशगंगेचा उजेड तिच्यापेक्षा हजारो पटींनी प्रखर. आधी घरचा दिवा नीट मोजल्याशिवाय दूरची पणती दिसायची नाही.

म्हणून माझे मत मी स्नेह्यांना स्पष्ट सांगितले. विजेवरची गाडी धावते तेव्हा वरच्या तारेशी ठिणग्या उडतात, त्यांतून रेडिओगोंगाट होतो. रूळ वळवून दुसरीकडून नेता येतात. डोंगरांच्या आडोशाची ती शांतता दुसरीकडे नेता येत नाही. इथे बहरीनमध्ये गच्चीवर उभे राहिले की हे पटते: जुलैच्या रात्री आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला चांगला वर आलेला असतो, पण दिव्यांच्या झगमगाटात तो दिसतो कुठे?

मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी. या शांततेची किंमत कोण देतो? कीर्ती पुण्याची, मुंबईची आणि देशाची. गैरसोय मात्र टोमॅटो पिकविणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याची. दुर्बीण राष्ट्राची असेल तर तिची किंमतही राष्ट्राने भरावी. रेल्वे नाही, तर चांगला रस्ता, पुरेशा एस.टी. गाड्या आणि माल ठेवायला शीतगृहे हे मागण्याचा त्या लोकांना पुरा हक्क आहे. “विज्ञानासाठी सोसा” एवढे म्हणून सरकारला मोकळे होता येणार नाही.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला लोकांसाठी दुर्बीण खुली असते. आपली मुले सुट्टीत महाबळेश्वर पाहतात, शिर्डीला जातात. एकदा तिथेही न्यावीत. मी हे म्हटले तेव्हा स्नेही हसले. “न्या की,” ते म्हणाले, “पण जाणार कशाने, तेही लिहा.” ते लिहितो: पुण्याहून नारायणगावपर्यंत एस.टी. आणि पुढे मिळेल ते वाहन.