विश्लेषण : गालातली कळ दाताची, नसेची की कर्करोगाची?

गाल किंवा जबडा एका बाजूने दुखू लागला की पहिला संशय दाढेवर जातो. मेडिकलमधून गोळी आणली जाते, मग दाढ काढली जाते. तरीही कळ राहिली तर ‘नसेचं दुखणं’ म्हणून सोडून दिले जाते. धाटाव एमआयडीसीत शिफ्टभर तंबाखूची गोळी दाढेखाली ठेवणारे आणि रोहा-पेणच्या गावांत रोज मिश्री लावणाऱ्या महिला, यांना हे सोडून देणे महागात पडू शकते.

चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी मुख्य नस म्हणजे ट्रायजेमिनल. तिच्या नेहमीच्या आजारात दात घासताना किंवा गार वारा लागताच विजेचा झटका बसावा तशी कळ येते. ती काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत ओसरते; मधल्या वेळात सहसा त्रास नसतो. तोंडातला कर्करोग नसेच्या कडेने पसरू लागला की दुखणे अनेकदा सतत राहते, आग होते, मुंग्या येतात. खालचा ओठ किंवा हनुवटी विनाकारण बधिर झाली, तर तो मोठा इशारा. जिभेच्या कर्करोगात कानही ठणकतो आणि कानात मात्र काहीच सापडत नाही.

गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की, कार्बामाझेपिनसारख्या नसेच्या गोळ्यांनी अशा दुखण्यातही कधी कधी उतार पडतो. तेवढ्यावरून निदान बरोबर ठरत नाही. अर्थात बहुतेक कळा दाताच्याच असतात, घाबरून जायला नको. पण जोडीला तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पांढरा-लाल चट्टा, मानेत गाठ किंवा तोंड कमी उघडणे असेल, तर तोंड तपासून घ्यावे; डॉक्टरांना गरज वाटल्यास बायोप्सी आणि एमआरआयही.

राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले, तेव्हा हळहळ झाली. पुड्या काही थांबल्या नाहीत.

धोकादायक प्रक्रियेतील कामगारांची वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्यात बॅटरी लावून तोंड पाहायला दोन मिनिटे पुरतात. धाटावच्या कारखान्यांनी ती द्यावीत, कंत्राटी कामगारांनाही. टाटा स्मारक केंद्राचे खारघरचे रुग्णालय याच जिल्ह्यात आहे. संशय आला तर तिथे जाण्याची चिठ्ठी कामगाराच्या हातात त्याच दिवशी पडायला हवी.