पोरगं जुगारात सापडलं तर शिक्षा कोणाला? कायद्याचा खरा बडगा मोठ्यांवर

जत्रेतली सोरट, पाराजवळचा तीन पत्तीचा डाव, टपरीआडचा मटका आणि आता मोबाईलवरचे पैशांचे गेम. पोरगं यात सापडलं की घरात मार बसतो आणि प्रकरण दाबलं जातं. पोलिसांत गेलं तर पुढे भरतीत अडचण येईल, ही भीती असते. पण या गप्प बसण्याचा फायदा पोराला नाही, त्याला डावावर बसवणाऱ्याला होतो.

आधी जुगाराचा कायदा पाहू. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. अड्डा चालवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत, तर अड्ड्यावर खेळताना सापडलेल्याला ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

खेळणारा १८ वर्षांखालचा असेल, तर त्याच्यासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. अशा मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. मंडळ समज देऊन सोडू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा करायला लावू शकतं. दंड झाला तर तो आई-वडिलांनाही भरावा लागू शकतो.

भरतीच्या भीतीचं काय? याच कायद्याच्या कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे मूल पुढे कशासाठीही अपात्र ठरत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंद नष्ट करण्याचीही तरतूद आहे.

मोठ्यांसाठी मात्र कायदा कडक आहे. पोराला चिठ्ठ्या गोळा करायला किंवा आकड्यांचे पैसे पोहोचवायला लावणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ लागू शकतं. मुलाकडून गुन्हा करवून घेतल्यास किमान ३ आणि जास्तीत जास्त १० वर्षं कैद, शिवाय दंड. बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ मध्येही मुलांना बेकायदा कामाला लावणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांचा दंड आहे. म्हणजे स्वतः अड्डा चालवण्यापेक्षा त्यात पोराला राबवणं कितीतरी महाग पडतं.

मोबाईलवरच्या खेळांचंही तसंच. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. पैशांचे गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यांची जाहिरात करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'खेळा आणि कमवा' अशी रील बनवणाऱ्यांनी आणि अशा पैशांसाठी आपलं बँक खातं वापरायला देणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

राहिला उधारीचा प्रश्न. हरलेल्या पैशांसाठी कोणी दारात येऊन दमदाटी करत असेल, तर घाबरू नका. १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा व्यवहार रद्दबातल असतो, त्याची वसुली कोर्टातून होत नाही. अल्पवयीन मुलाने लिहून दिलेली उधारीची चिठ्ठीही कायद्यापुढे टिकत नाही. दमदाटी झाली तर ११२ वर फोन करावा. मुलाच्या मदतीसाठी १०९८, तर ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे.

पोराला चार शब्द सुनावणं घरच्यांचं काम आहेच. पण त्याला डावावर कोणी बसवलं, हे विचारल्याशिवाय आणि ते नाव पोलिसांना सांगितल्याशिवाय अड्डा बंद होत नाही. आज एकाच्या घरचं पोरगं, उद्या शेजारच्या.